माहेरवाशिणींचं पान

अंगणवाडीतली रजिस्टरं टेम्पोत घालून तालुक्याला नेली, त्या दिवशी मला आनंदच झाला होता. खोटं कशाला बोलू? उमेदीची सगळी वर्षं मी त्या रजिस्टरांवर रेघा मारण्यात घालवली. गावात एक बाई गरोदर राहिली की तिचं नाव सर्वेक्षणात लिहा, आहारात लिहा, लसीकरणात लिहा, गृहभेटीत लिहा. ती बाई नऊ महिन्यांनी मोकळी व्हायची, मी काही व्हायची नाही. नवरा चिडवायचा, "सरकारनं तुला पोरं सांभाळायला ठेवलंय का वह्या?" टेम्पो वळणाआड गेला तसा मी आणि आमच्या मदतनीस बाईंनी गूळ जास्त घालून चहा केला आणि निवांत बसून प्यायलो.

मग मोबाईल आला. बोट लावलं की यादी उघडते, गरोदर बायका वेगळ्या, लेकुरवाळ्या वेगळ्या, पोरं वयाप्रमाणे. बेरीज आपोआप होते. मी मदतनीस बाईंना म्हटलं, "आता म्हातारपणी आपण साहेब झालो बघा." त्या म्हणाल्या, "साहेब व्हा खुशाल, पन रेंज कुठाय?"

त्यांचं खरं होतं. राजूरहून वर चढत आलं की आमच्या वाडीपर्यंत डांबर येतं, वीज येते, रेंज मात्र येत नाही. मारुतीच्या देवळामागे एक ओटा आहे, त्याच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात उभं राहिलं की फोनवर दोन काड्या दिसतात. सरकारी काम म्हणून मी त्या ओट्यावर जाऊ लागले. दुरून बघणाऱ्याला वाटावं, बाईंची मारुतीवर भक्ती वाढली.

रजिस्टरात काय होतं ते मला रजिस्टरं गेल्यावर कळलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्या महिन्यात पोरगी ओटी भरून येते आणि बाळ सव्वा महिन्याचं झालं की, कधी त्याहून उशिरा, सासरी जाते. तिचं नाव सासरच्या अंगणवाडीत, ती मात्र माझ्या दारात. म्हणून आहाराच्या रजिस्टरचं शेवटचं पान मी माहेरवाशिणींसाठी ठेवायचे. तसा कुठला रकाना सरकारने दिला नव्हता. माझ्या आधीच्या सेविका तसं करायच्या, त्यांचं बघून मी करू लागले. आली पोरगी की नाव लिहायचं, आणि प्रकृती नाजूक वाटली तर नावापुढे लाल पेन्सिलीने ठिपका द्यायचा. उपकेंद्राच्या सिस्टर त्यांच्या वारी आल्या की चहाच्या आधी ते पान उघडायच्या. जोखमीच्या बायकांना तपासणीला न्यायला गाडी यायची, तिची यादीही त्या पानावरूनच व्हायची. यादी लिहून झाल्यावर कुणी राहिलं तर खाली एक नाव वाढवायचं. कागदाला खाली जागा असते.

त्या रजिस्टरांची मागची पानं मोजली की नेहमी कमी भरायची. तपासणीला आलेल्या मॅडमनी एकदा विचारलं, "पानं फाडली कुणी?" मी म्हटलं, "सटवाईला दिली." त्या हसल्या, पण गोष्ट खरी होती. बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाट्याजवळ कोरा कागद आणि पेन ठेवतात. गावात कोरा कागद अंगणवाडीतच मिळणार. आजी झालेली बाई दारात यायची, "बाई, एक पान द्या," आणि मी टरकन फाडून द्यायचे. पानावर फिकट निळ्या रेघा असायच्या. सटवाईलाही सरळ लिहायला बरं, असं मी म्हणायचे.

गेल्या दसऱ्याच्या आगेमागे एक पोरगी माहेरी आली. माझ्याच अंगणवाडीतली. लहानपणी चिंचोके मोजायला बसवलं की निम्मे तोंडात घालायची आणि बाकीचे बरोबर मोजून दाखवायची. तिला बेलापूरच्या पुढच्या एका वस्तीवर दिली होती. ऊस, पाणी, बरं घर. लग्नात आम्ही सगळ्यांनी म्हटलं, पोरीने नशीब काढलं. आता आली ती पाय सुजलेली, ओठ पांढरे, आणि पोटाच्या मानाने बाकीची एवढीशी. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. तिथे लाली अशी नव्हतीच. माझा हात सवयीने लाल पेन्सिल शोधायला लागला.

ॲपमध्ये तिला घालायला गेले तर ॲप म्हणालं, ही बाई आधीच नोंदलेली आहे. बरोबर आहे, सासरी नोंदलेली होती. तिकडून इकडे आणायची तर स्थलांतराची विनंती करायची, आणि त्यासाठी तिचा चेहरा लागणार, शिवाय तिच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला आकडा लागणार. मोबाईल जोडलेला होता नवऱ्याचा. माहेरवाशीण नावाची वस्तू त्या ॲपला माहीतच नव्हती. ज्याने कुणी ते बनवलं त्याची आईसुद्धा कधीतरी माहेरी गेली असेल की.

नव्या सिस्टर पोरसवदा पण कामाला चोख. कितीतरी वाड्या त्यांच्या एकटीच्या गळ्यात. त्यांनी पोरीला तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "ताई, रक्त फार कमी आहे. मी गोळ्या देते, पण हिला दवाखान्यात इंजेक्शनं लागतील, दर आठवड्याला. गाडीच्या यादीत घालायचं तर ॲपमधला इथल्या नोंदणीचा नंबर लागतो. यादी आता वरून येते, माझ्या हातात नाही." म्हणजे सगळं त्या नंबरावर आलं. पोरीला गाडी मिळणार की नाही, बाळंतपण जवळ आल्यावर कुणी तिची चौकशी करणार की नाही, ते सगळं.

मी त्याच संध्याकाळी पोरीच्या बापाकडे गेले. भाताची खाचरं असलेला, सरळ, शब्दाला जागणारा माणूस. ओसरीवर विळ्याला धार लावत बसला होता. मी म्हटलं, "दादा, जावईबापूंना एक फोन करा. त्यांच्या मोबाईलवर आकडा येईल, तेवढा सांगायला लावा."

"जावयाला? काय म्हून?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्याने विळा खाली ठेवला. "बाई, पैलं बाळतपन हाय. त्ये आमचं. सव्वा म्हैना होईपरेंत जावयाकडं काय मागायचं न्हाई, आमच्या घरात तशी रीत न्हाई."

"अहो, पैसे नाही मागायचे. आकडा मागायचाय."

"मागनं त्ये मागनंच. रुपाया मागा न्हाईतर आकडा मागा. उद्या त्यांच्यात बोलतील, लेकीचं बाळतपन झेपंना म्हून फोन केला."

"दादा, तो आकडा जावयाचा नाही, सरकारचा आहे."

"मग सरकारला मागा की."

आत तिची आई तव्यावर भाकरी टाकत होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी म्हटलं, "मग जीपने तरी न्या दर आठवड्याला." तो म्हणाला, "नेतो की. माझी लेक हाय." आणि नेलं त्याने, एकदा नव्हे दोनदा. त्याच्या मायेबद्दल मी कधीच शंका घेतली नाही, आजही घेत नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चढून मीच तिच्या सासरी फोन लावला. नवरा साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, फोन घरी ठेवून गेलेला. सासूने उचलला. मी कोण, कुठली, कशासाठी, सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेत होती. आकड्याचं नाव काढलं आणि तिचा आवाज बदलला. "आमच्या गावात असाच फोन आल्ता एकाला. आकडा सांगितला आन खात्यातलं सगळं गेलं. मला न्हाई कळत त्यातलं, पन आकडा सांगायचा न्हाई येवढं कळतं." आणि फोन ठेवून दिला. तिला दोष कसा देऊ? गावोगाव तेच तर शिकवलं, बँकेने शिकवलं, फोन लावला की आधी तेच ऐकू येतं. आणि मग त्याच आकड्यावर पोरीबाळींचं पोषण बांधलं.

पुढे एके दिवशी नवऱ्याचाच फोन आला. नशीब, तेव्हा मी ओट्यावरच होते. मी परत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर हाय. पन बायको माझी, पोर माझं, आन मला हे तुमच्याकडून कळतंय. सासऱ्यांचा दसऱ्यापासून एक फोन न्हाई. त्यांनी एक फोन करावा, लगीच सांगतो आकडा."

"अहो, ते रीतीपायी करत नाहीत."

"मग आमाला काय रीत न्हाई का?"

घ्या. सासरा मागायचा नाही आणि जावई मागितल्याशिवाय द्यायचा नाही. आमच्या लोकांनी मानपानापायी भरल्या मांडवातून वराती परत नेल्यात, मग हा तर नुसता आकडा. मला इतका संताप आला की मी देवळामागे एकटीच मोठमोठ्याने बोलत राहिले. कागद होता तेव्हा हे दोघेही असेच होते, तसेच ताठ, तसेच मानी. पण तेव्हा त्यांचा ताठा पोरीच्या आड येत नव्हता. मी लिहून मोकळी होत होते.

शेवटी मी पोरीलाच ओट्यावर आणलं, बाप खाचरात असताना. मदतनीस बाईंच्या साध्या फोनवरून तिने नवऱ्याला फोन लावला, माझ्या हातात सरकारी फोन उघडा. ती आमच्याकडे पाठ करून, पदर तोंडाशी धरून हळू बोलत होती. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण एकदा हसली, आणि एकदा नाक ओढलं. मग वळली आणि एकेक आकडा मोठ्याने सांगू लागली, चिंचोके मोजायची तशी, मध्ये थांबून. आकडा लागला. आता चेहरा. मी फोन तिच्यासमोर धरला. फोनवर अक्षरं आली, ती मी वाचून दाखवली, "डोळ्यांची उघडझाप करा."

तिला हसू फुटलं. "कशापायी?"

"तू जिवंत आहेस का ते बघतंय. फोटोला फसू नये म्हणून."

"मग सरळ हाक मारावी की!" आणि पोट धरून हसायला लागली. हसली की चेहरा हलायचा, फोन म्हणायचा पुन्हा प्रयत्न करा. मदतनीस बाईही हसायला लागल्या, मीसुद्धा. किती वेळ ते चाललं. अखेर तिने ओठ गच्च दाबले, डोळे मिटले, उघडले, आणि हिरवी खूण आली. खाली लिहिलं होतं, विनंती पाठवली आहे, मंजुरी प्रलंबित. मला वाटलं, झालं काम. नकटीच्या लग्नातलं शेवटचं विघ्न टळलं.

प्रलंबित या शब्दाची मला आता शिसारी येते. रोज ओट्यावर जायचं, बघायचं, प्रलंबित. कधी सर्व्हर बंद, कधी रेंज नाही, दोन्ही असलं की प्रलंबित. मी तिच्या सासरच्या सेविकेला फोन केला. बिचारी भली होती. ती म्हणाली, "ताई, माझ्या यादीतनं ती गेली. तुमच्याकडं आली न्हाई का?"

"नाही."

"मग हाय कुठं ती?"

मी खाली बघितलं. ओट्यावरून पोरीच्या माहेरचं अंगण दिसायचं. ती पाय पसरून बसली होती आणि सुपातले खडे वेचत होती. डोळ्यांना स्वच्छ दिसत होती.

आहाराची पाकिटं यादीच्या हिशेबाने येतात, चेहरा जुळल्याशिवाय देता येत नाहीत, त्यामुळे तिच्या वाटचं पाकीट नव्हतंच. मी घरून शेंगदाण्याचे लाडू न्यायचे, मदतनीस बाई अंडं उकडून द्यायच्या. त्याने पोट भरतं, रक्त भरत नाही. गाडीचा दिवस आला तेव्हा मी ड्रायव्हरच्या पुढे जाऊन उभी राहिले. गाडीत दोन बायका बसलेल्या, मागची सगळी बाकं रिकामी. मी म्हटलं, "हिला घ्या." त्याने मोबाईल काढून यादी दाखवली. "बाई, नाव न्हाई. वाटंत काय झालं तर माझ्या गळ्याला येईल." मी पेन काढून हातात धरलं होतं, कशासाठी ते मलाच ठाऊक नाही. मोबाईलच्या काचेखाली नाव कुठे वाढवणार? गाडी रिकामी बाकं घेऊन उतरली. पोरगी मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, पुढल्या येळेला."

पुढे भात कापणीला आलं, सोंगणी लागली. सोंगणीच्या दिवसांत आमच्याकडे माणूस मेला तरी खांदेकरी शोधावे लागतात. जीपवाला स्वतःच्याच खाचरात. बाप म्हणाला, "येवढं पीक घरात येऊ द्या, मग रोज नेतो." पिकलेलं भात शेतात सोडता येत नाही, हे मलाही कळतं. मी रोज तिच्या पायांवर बोट दाबून बघायचे. खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

एका सकाळी पोरं नुकती बसली होती, तेवढ्यात तिची आई धावत आली. हातात विळा तसाच होता. "बाई, चला. आताच दुखाया लागलं." दिवस भरले नव्हते. जीपवाल्याला खाचरातून बोलावलं. मी आणि तिची आई मागे तिला धरून बसलो, पुढे बाप. राजूर गाठण्याआधीच उतारावर ती बाळंत झाली. मुलगी. मी पदरात घेतली तर वजनच लागेना. इतकी वर्षं मी पोरं तोलतेय, काटा न लावता मला वजन कळतं, आणि त्या दिवशी ते कळू नये असं वाटत होतं.

दवाखान्यात त्यांनी हात आखडला नाही. पोरीला रक्त चढवलं, लेकराला काचेच्या पेटीत ठेवलं. पोरगी वाचली. डॉक्टरीणबाईंनी मला एवढंच विचारलं, "पुढची इंजेक्शनं का नाही घेतली?" मी मोबाईल काढून दाखवला. प्रलंबित.

लेकरू पेटीत असतानाच पाचवीचा दिवस आला. लेकराची आजी घरी आली, पूजा तरी घरच्या पाट्यावर करावी म्हणून, आणि रीतीप्रमाणे अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. "बाई, एक कोरं पान द्या."

मी कपाट उघडलं. सगळी अंगणवाडी पालथी घातली. भिंतीवर तक्ते, कपाटात तक्ते, फळांचे, प्राण्यांचे, हात धुण्याचे. कोरा कागद एक नाही. शेवटी ॲप कसं वापरावं याचा छापील कागद सापडला, प्रशिक्षणात दिलेला. तो मी उलटा करून दिला. तिने तो सरळ केला, बघितला. "हिकडं लिवलेलं हाय की."

"मागून कोरं आहे, वहिनी."

"सटवाईला चालंल?"

"चालेल की."

ती कागद छातीशी धरून गेली. माझा सटवाईवर विश्वास नाही, नव्हता. पण त्या रात्री मी ताटातली भाकरी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरू गेलं.

मूठमाती द्यायला जावई आला. सासरा आणि जावई समोरासमोर उभे राहिले. मग जावयाने सासऱ्याच्या हातातली कुदळ घेतली आणि खड्डा तो खणू लागला.

आता माझ्यापुढे काम उरलं होतं नोंदीचं. जन्म लिहायचा आणि मृत्यू लिहायचा. लेकराची नोंद आईच्या नावाखाली होते, आणि आई माझ्या यादीत नव्हती, सासरच्याही नव्हती. दवाखान्याने त्यांच्या दप्तरी लिहिलं असेल. आमच्या जगात मात्र ते लेकरू जन्मलं नाही, म्हणून मेलंही नाही. कागद असता तर मी शेवटच्या पानावर दोन ओळी लिहिल्या असत्या. त्याने काय झालं असतं? काही नाही. पण लिहिल्या असत्या.

महिन्याच्या बैठकीला आमच्या मुख्यसेविका मॅडमनी तक्ता वाचला. माझ्या अंगणवाडीपुढे आल्या आणि थांबल्या. "बालमृत्यू शून्य. डोंगरातली अंगणवाडी असून. टाळ्या वाजवा बाईंसाठी." टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले, सगळ्यांना वाटलं नमस्कार करायला. मी म्हटलं, "मॅडम, एक लेकरू गेलंय." मॅडमनी पुढच्या अंगणवाडीचं नाव वाचलं. नंतर चहाच्या वेळी मॅडम माझ्याजवळ आल्या. वाईट बाई नाहीत त्या, त्यांचा फोन दिवसभर कोकलत असतो. म्हणाल्या, "तुमचं दुःख मला कळतं. पण सिस्टीममध्ये नाही ना ते? मग कशाला ओढवून घेता? चौकशी लागेल, ती तुमच्यावरच." मी चहा तसाच ठेवला. टाळ्यांचा आवाज अजून कानात होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाची लाज होती तेही कळत नव्हतं.

बाप मला वाटेत भेटला. भात घरात आलं होतं. डोक्यावरचा भारा त्याने खाली टाकला आणि विचारलं, "बाई, त्यो आकडा नुसता आकडाच व्हता ना?"

"हो."

"मी मागितला असता तर?"

मी म्हटलं, "दादा, तरीसुद्धा प्रलंबितच राहिलं असतं." हे खरं की खोटं, मला माहीत नाही. त्याने मान हलवली, पण त्याला पटलं नाही. भारा उचलायला मी हात लावला तर नको म्हणाला आणि एकट्यानेच उचलला.

त्यानंतर एकदा ओट्यावर गेले तर फोन वाजला. विनंती मंजूर. पोरगी माझ्या यादीत आली होती. नाव, वय, आणि पुढे लिहिलेलं, गरोदर माता, नववा महिना. शेजारी लाल ठिपका, जोखमीची. ॲपने स्वतःच दिला होता. खाली सूचना, पाकीट देण्याआधी चेहऱ्याची पडताळणी करा. मॅडमचा निरोप आला, पडताळणी राहिलेली नावं या आठवड्यात संपवा.

तिला बोलवायचं कसं, याचा मी फार विचार केला. शेवटी तिची आईच तिला घेऊन आली. तिघी ओट्याच्या कोपऱ्यात उभ्या राहिलो. मी फोन तिच्यापुढे धरला. फोनवर तीच अक्षरं आली. ती मी वाचली नाहीत. तिला पाठ होती.

ती फोनकडे बघत राहिली. डोळे उघडे, सताड, कोरडे. पापणी हलेना. फोनने पुन्हा विचारलं, मग पुन्हा. मी म्हटलं, "बाळा, एकदा मीट डोळे. एकदाच."

"न्हाई मिटवत, बाई," ती म्हणाली. "मिटलं की त्येच दिसतंय."

मी फोन खाली घेतला. तिने माझ्या हाताला धरून तो परत वर केला. "घ्या. तुमचं काम अडंल." आणि तिने डोळे मिटले. मिटलेच ठेवले, गालावरून पाणी हनुवटीपर्यंत आलं तोवर. मग उघडले. हिरवी खूण आली.

मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते ओट्यावर ठेवलं आणि पायऱ्या उतरून चालू लागली. तिची आई तिच्यामागे थोडी गेली, थांबली, परत आली. माझ्याकडे न बघता तिने ते पाकीट उचललं आणि पदराखाली घेतलं. "घरात खानारी तोंडं हायेत, बाई," म्हणाली.

मी म्हटलं, "न्या की. नावावर पडलंय."